चारी पाय खणखणीत

पहाटे चारला पिराजीचे डोळे उघडले. गजर नव्हता. अडतीस वर्षं त्याच वेळेला उठलेल्या माणसाला गजर लागत नाही. साडेचारला नळाचं पाणी, साडेपाचला गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, सहाला शिरोलीकडं जाणारी कंपनीची गाडी आणि सातला फौंड्रीत वाळूच्या ढिगापुढं उभं. आता निवृत्त होऊन सात महिने झाले होते. गाडी अजून सहालाच जात होती. तिच्यात पिराजी नव्हता, एवढाच फरक.

तो उठला. पाणी भरलं. घागर घासलेली होती, ती पुन्हा घासली. अंगणातली कपड्यांची दोरी सोडली आणि ताणून बांधली. सायकलची साखळी काल पुसली होती, ती आज परत पुसली. त्याच्या दोन पावलांमागं चार पावलं वाजत होती. तो वळला की तीही वळायची.

आतून विठाबाईचा आवाज आला, "अवो, त्या दोरीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"सैल हुती."

"काल बी सैलच हुती. परवा बी."

बायकोनं हटकलं की त्याला जरा बरं वाटायचं. पायात वहाणा सरकवून तो दुधाला निघाला. मागं वाळ्या.

वाळ्या म्हणजे कुत्रा. पिवळट अंगाचा, एक कान उभा, एक पडका. चार वर्षांपूर्वी थंडीत फौंड्रीतल्या वाळूच्या ढिगात सापडलेला. ओतकाम झाल्यावर साचे फोडतात, ती वाळू रात्रभर उबदार राहते. पिल्लू तिच्यात नाकापर्यंत शिरून झोपलं होतं. फावडं घालायला गेलेल्या पिराजीचा हात वेळेवर थांबला. नाव आपोआप पडलं. आठच दिवसांनी लोखंडाच्या रसाचा एक थेंब उडाला आणि पिल्लाचा पुढचा डावा पाय भाजला. मग काय विचारता. तिन्ही पाळ्यांतले कामगार त्याला बघायला यायचे. कुणी चहात बिस्कीट बुडवून द्यायचं, कुणी मांडीवर घ्यायचं. दहा दिवसांत पाय बरा झाला. पण त्या दहा दिवसांत पिल्लू जे शिकलं, ते विसरलं नाही.

गंगावेशीत कट्ट्यासमोर म्हशी बांधलेल्या असतात. गवळी समोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. लोक तिथंच उभ्यानं पितात, मिशा पुसतात, गप्पा हाणतात आणि घरी जातात. पिराजी ज्ञानू गवळ्याचं गिऱ्हाईक. ज्ञानूचा आणि त्याचा तीस वर्षांचा दुधाचा संबंध.

कट्टा दहा पावलांवर आला, तसा वाळ्यानं एक पाय उचलला आणि तीन पायांवर उड्या मारत ज्ञानूपुढं जाऊन उभा राहिला. मान खाली, डोळे वर.

"आला माझा लंगडा राजा," म्हणत ज्ञानूनं करवंटीत दूध ओतलं. "धार काढताना मुकं जनावर त्वांड बघत उभं ऱ्हायलं तर त्याला दोन घोट द्यायचं. माझ्या बाचा नेम हाय." बाकीच्यांनीही आपापल्या ग्लासातलं थोडं थोडं घातलं. हे रोजचंच होतं.

त्या दिवशी माधवराव तिथं उभे होते. उद्यमनगरात त्यांची छोटी फौंड्री आहे, पाच-सहा माणसांची. नजर अशी, की ओतलेला नग हातात न घेता कुठं खोट आहे ते सांगतील. ग्लास तोंडाला लावता लावता ते थांबले.

"पिराजी, कुत्र्याचा कुठला पाय भाजला होता?"

"पुढचा डावा."

"मग आज उजवा का उचललाय?"

सगळ्यांनी खाली बघितलं. वाळ्याचा उजवा पाय हवेत लोंबत होता. डाव्यावर तो ऐटीत उभा होता.

ज्ञानू म्हणाला, "पाळीनं उचलत आसंल. एका पायानं किती रजा घ्यायची?"

"पिराजी, कामगार तुझा हाय खरा, पर कामचुकार निघाला की!" कुणीतरी म्हणालं. कट्टाभर हशा पिकला. वाळ्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय. त्यानं शेपूट हलवली आणि पाय आणखी वर उचलला.

पिराजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो मोल्डर होता. पेटीत वाळू भरायची, ठोकायची, आतला लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, अलगद काढायचा, साचा तयार करायचा, नगावर मजुरी घ्यायची. वाळू फार ठोकली तर रसातली हवा कोंडते आणि लोखंडात भोकं पडतात. कमी ठोकली तर साचा ढासळतो. दोन्हीकडं नग वाया, मजुरी वाया. अडतीस वर्षांत न केलेल्या कामाचा एक पैसा त्यानं घेतला नव्हता. आणि त्याचं कुत्रं रोज चारचौघांत सोंग काढून दूध पीत होतं.

"चल," तो वाळ्याला म्हणाला. स्वतःचं दूध तो अर्धंच प्याला.

माधवरावांनी पाठीमागून हाक मारली, "पिराजी, जुन्या पंपांचे भाग आलेत माझ्याकडे. एकेक नग, मशीनवर परवडत नाहीत. हातानं साचा करणारं कुणी राहिलं नाही. येता का? आठवड्यातून तीन दिवस, सकाळी चार तास."

"चार तासात काय काम हुतंय?" पिराजी न थांबता म्हणाला. मनातून त्याला अपमान वाटला होता. आठ तास राबलेल्या माणसाला अर्धं काम!

त्याच दुपारी विठाबाई पडली.

तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. काठी घेऊन ती घरात फिरायची. वाळ्याची घरातली खोड वेगळी होती. घरात कुणी आपल्याकडं बघत नाही असं झालं, की तो मागून येऊन तिच्या लुगड्याचा काठ दातात धरायचा आणि ओढायचा. ती "हाड्" म्हणून ओरडायची. पिराजी बाहेरून वहाण घेऊन धावायचा. वाळ्या कॉटखालून, मोरीतून, अंगणातून पळायचा, पिराजी मागं. दोघंही धापा टाकायचे. दिवसातून चार-पाच वेळा हा खेळ व्हायचा.

त्या दुपारी विठाबाईच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात आमटीचं पातेलं होतं. काठ ओढला गेला. ती डाव्या कुशीवर आदळली. नशिबानं गुडघा वाचला. कोपर सोलवटलं, आमटी भिंतीवर गेली.

पिराजीनं तिला उठवून कॉटवर बसवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. हे त्याला जास्त लागलं. हळद लावून झाल्यावर ती म्हणाली, "बाळूला फोन लावा."

बाळासो तिचा धाकटा भाऊ. कागलच्या पुढं त्याचं गुऱ्हाळ आहे. ऊस आणि गुळाच्या राखणीला त्याला कुत्रं पाहिजेच होतं. मागं एकदा तो म्हणाला होता, दाजी, हे द्या मला, साखळीला बांधून ठेवतो, दिवसरात भुकंल.

"साखळीला ऱ्हाईल व्हय ते?" पिराजी म्हणाला. "माणसाबिगर एक घटका ऱ्हात न्हाय."

"मग माझं हाड मोडू दे. दुसऱ्यांदा त्या टेबलावर मी झोपायची न्हाय." तिनं दाराकडं, वाळ्याकडं बघितलं. कुत्र्याला पहिली भाकरी तिनंच चारली होती. "आठ दिस. येत्या रविवारी बाळू यील. तवर त्याची ही खोड मोडली तर मोडली. न्हायतर ते कागलला जाईल. ह्याच्यात बदल न्हाय."

दुसऱ्या दिवशी पिराजी वाळ्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर इरावती म्हणजे तिशीतली पोरगी. तिनं चारी पाय दाबून बघितले, नख अन् नख बघितलं, सांधे फिरवले. वाळ्या डोळे मिटून सुख घेत होता.

"काका, तुम्ही बाहेर जा आणि खिडकीतून बघा. त्याला दिसू नका," ती म्हणाली आणि स्वतः पाठ करून टेबलावर लिहीत बसली.

पिराजी खिडकीच्या फटीतून बघत राहिला. वाळ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणीच बघत नव्हतं. मग तो चारी पायांवर ऐसपैस खोलीभर फिरला, कचऱ्याच्या डब्यावर पुढचे दोन्ही पाय टेकून आत वाकून बघून आला. पिराजी दारातून आत शिरला, तसा उजवा पाय वर.

डॉक्टरीण हसली. "दुखणं असतं, तर एकटा असतानाही लंगडला असता. काका, तुम्ही काय काम करत होता?"

"मोल्डर. नगावर मजुरी."

"साचा बिघडला तर?"

"मोडायचा, पुन्यांदा करायचा. बिघडल्याचं पैसं न्हाईत."

"मग हाही नगावरच कामाला आहे. लंगडलं की दूध. काठ ओढला की अख्खं घर मागं धावतं. बिघडलेल्या साच्याची मजुरी तुम्ही देताय."

"मी कुठं देतोय? मी शिव्या देतो. वहाण फेकून मारतो."

"ती वहाण तो परत आणून देतो का?"

पिराजीनं वाळ्याकडं बघितलं. आणून द्यायचा. शेपूट हलवत.

"त्याला शिवी आणि शाबासकी यातला फरक कळत नाही. तुम्ही बघितलंत, बोललात, धावलात, की मिळाली मजुरी. आणि तो शांत पडलेला असतो तेव्हा काय देता?"

"तवा काय द्याचं? गप बसल्याचं कोण देतंय?"

"तिथंच चुकतंय," डॉक्टरीण म्हणाली.

तिनं सांगितलं ते पिराजीनं बोटांवर मोजून लक्षात ठेवलं. खोड काढली की बघायचं नाही, बोलायचं नाही, भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. स्वतःहून शांत बसला की लगेच घास द्यायचा, गाजावाजा न करता. रोज त्याच्या डोक्याला आणि नाकाला काम द्यायचं, घास लपवून हुडकायला लावायचं. घरातल्या आणि बाहेरच्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. दहातनं एकदा जरी कुणी चुकून दिलं, तरी तो त्या एकदाच्या आशेवर शंभरदा करील.

"आणि सुरुवातीला तो आणखी बिघडेल," ती म्हणाली. "घाबरू नका."

हे पिराजीला समजलं. साच्यात रस ओतला, की हवेच्या भोकांतून आधी जाळ भडकतो. नवशिका पळतो. जुना माणूस उभा राहतो, कारण हवा बाहेर गेल्याशिवाय नग चांगला निघत नाही.

समजणं वेगळं, करणं वेगळं. पहिले दोन दिवस वाळ्यानं काठ ओढला, की विठाबाई भिंत धरून पुतळ्यासारखी उभी राहायची. पायात अडकू नये म्हणून काठ तिनं गाठ मारून जरा वर खोचला होता. पिराजी छताकडं बघत दात आवळून उभा राहायचा. हात वहाणेकडं जायचा, तो खिशात कोंबायचा. खिशात वाळलेल्या भाकरीचे तुकडे असायचे.

तिसऱ्या दिवशी जाळ भडकला. वाळ्यानं काठ सोडून उशी ओढली. उशीला कुणी विचारेना, म्हणून पिराजीची एक वहाण मोरीत नेऊन टाकली. तरी कुणी बघेना. मग त्यानं अंगणाच्या मधोमध बसून आभाळाकडं तोंड करून असा सूर लावला, की शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. "काय ओ, कोण गेलं काय?" एकीनं विचारलं. पिराजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. तो म्हणाला, "बघू नगासा त्याच्याकडं. आत जावा." ती कपाळाला हात लावून आत गेली. तिच्या मते म्हातारा कामातून गेला होता.

कट्ट्यावर वेगळीच लढाई. पिराजीनं ज्ञानूला बजावलं होतं, लंगडला तर थेंब द्यायचा नाही. ज्ञानू हो म्हणाला होता. चौथ्या दिवशी पिराजीनं वळून बघितलं, तर वाळ्याच्या मिशांना फेस.

"ज्ञानू!"

"पिराजी, माझ्याच्यानं न्हाय हुत. धारंवरनं मुकं जनावर उपाशी परत गेलं तर माझी म्हस आटंल. बा सांगून गेलाय."

"ते लंगडत न्हाय, ज्ञानू. सोंग करतंय."

"करंना. म्हशीला ठाव हाय व्हय सोंग कोन आनि खरं कोन?"

पिराजी तरातरा घरी आला. चार दिवस गेले, चार राहिले. घास लपवायला गेला, तर वाळ्या दोन हुडकायचा आणि तिसऱ्याला त्याच्या मागं मागं फिरायचा. शांत बसला की घास द्यायचा, पण तो शांत बसेचना. पिराजीच एका जागी ठरत नव्हता. तो उठला की वाळ्या उठायचा, डबे सरकवले की वाळ्या भुंकायचा, फाटक उघडलं की वाळ्या फाटकात.

पाचव्या दिवशी तो पुन्हा दोरी सोडायला लागला, तेव्हा विठाबाई दारात येऊन उभी राहिली. काठीवर दोन्ही हात ठेवून.

"गप बसल्यालं बघायला, बघणाऱ्यानं बी गप बसाय लागतंय," ती म्हणाली. "सात म्हैनं बघतिया. तुमी दोरी सोडताय, डबं वाजवताय, घागर घासताय. मी आतनं वरडतिया. वरडले की तुमी खूश. मला काय कळत न्हाय व्हय? त्याला वहाण मिळतिया, तुमास्नी माझी बोलणी मिळत्यात. ते कुत्रं कुणाचं बघून शिकलंय?"

पिराजीला झोंबलं. "म्हंजे मी कुत्रं व्हय?"

"मी तसं म्हणले न्हाय. तुमी म्हणताय," ती म्हणाली आणि आत गेली.

तो फाटकाबाहेर पडला. कोपऱ्यापर्यंत गेला. कुठं जायचं ते सुचेना, म्हणून परत आला. दोरी अर्धवट सुटलेली लोंबत होती. त्यानं ती हातात घेतली. सवयीनं आतल्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. दोरी घेऊन तो तसाच उभा राहिला. मग बांधली आणि पायरीवर बसला.

वाळ्यानं दोन फेऱ्या मारल्या. त्याच्या गुडघ्याला नाक लावलं. पाय उचलून बघितला. पिराजी समोरच्या भिंतीकडं बघत होता. हात मांडीवर जड ठेवले होते, कारण ते सारखे उठायला बघत होते. बराच वेळ गेला. मग खाली काहीतरी टेकल्याचा आवाज आला. वाळ्यानं हनुवटी फरशीवर ठेवली होती.

पिराजीनं भाकरीचा तुकडा त्याच्या नाकापुढं ठेवला. बोलला नाही. थोड्या वेळानं दुसरा.

आतून विठाबाई काठी टेकत आली. तिनं चहाचा कप त्याच्या शेजारी पायरीवर ठेवला. न मागता. तीही बोलली नाही.

सहाव्या दिवशी पिराजी ज्ञानूकडं तासभर आधी गेला, एकटा. "तुझा नेम मोडायचा न्हाय," तो म्हणाला. "आमी कोपऱ्यावर आलो की तू करवंटी घेऊन फुडं ये. त्यानं पाय उचलायच्या आत. चारी पाय भुईला असताना दूध द्याचं. उचलला की करवंटी वर."

ज्ञानूनं विचार केला. "म्हंजे उपाशी जात न्हाय."

"जात न्हाय."

"मग जमतंय की." पहिल्या दिवशी करवंटी चारदा खाली आली आणि तीनदा वर गेली. दुसऱ्या दिवशी एकदाच वर गेली.

घरात मात्र काठाचं नक्की होत नव्हतं. शनिवारी सकाळी वाळ्या विठाबाईमागं गेला आणि नुसता बसला. संध्याकाळी पुन्हा काठ ओढला. विठाबाई भिंतीला धरून उभी राहिली आणि सुटल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या रविवार."

रविवारी दहाला बाळासोची गाडी दारात लागली. उतरतानाच त्याच्या हातात साखळी होती. लांब, जाड, नवी. तो धिप्पाड माणूस, आवाज गल्लीभर.

"आक्का, गुडघा कसा हाय? दाजी, काय म्हणतंय पेन्शन?"

गुळाची ढेप आली, भेंड्या आल्या, उसाच्या कांड्या आल्या. सगळे पाहुण्याकडं बघत होते. वाळ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तो कोपऱ्यात दोन मिनिटं बसला. मग उठला आणि बाळासोच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. पुढचा डावा पाय वर. मान खाली, डोळे वर. अंग थरथरतंय की काय असं वाटावं, इतकं बेमालूम.

बाळासोचा हात थांबला. "दाजी, हे तर लंगडं हाय!"

वाळ्यानं पाय आणखी वर घेतला.

"आक्का, फोनवर बोलली न्हाईस. लंगडं कुत्रं काय राखण करणार? चोर आला तर ह्यालाच उचलून न्यावं लागंल." तो स्वतःच्या विनोदावर हसला आणि साखळी कॉटवर टाकली. "ऱ्हाऊ दे मग. माझ्या काय उपेगाचं न्हाय."

पिराजीनं विठाबाईकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं. तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, गप्प बसा. काल 'उद्या रविवार' म्हणणारी तीच. एक शब्द बोलायचा नव्हता, आणि कुत्रं घरात राहत होतं.

पंधरा वर्षांपूर्वी पिराजीच्या एका नगात बोटाएवढं भोक निघालं होतं. पंपाचं मोठं आवरण. सुपरवायझर म्हणाला होता, भोकात पुट्टी भर, रंग मार, जाऊ दे, कुणाला दिसतंय. पिराजीनं घण उचलून नग फोडला होता. त्या दिवसाची मजुरी गेली आणि शिक्षा म्हणून महिनाभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहायची जागा मिळाली. त्याला तो घण आठवला. हाताला वजनदेखील आठवलं.

"लंगडं न्हाय ते," तो म्हणाला.

"आं?"

"चारी पाय खणखणीत हाईत. सोंग काढतंय. तुमी तोंड फिरवा, मग बघा."

बाळासोनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि काखेतून बघितलं. वाळ्यानं थोडी वाट पाहिली. मग पाय खाली ठेवला आणि गुळाच्या ढेपेचा वास घ्यायला चालू लागला.

बाळासो गडगडाटी हसला. "आरं तिच्या! मग तर न्हेतोच की. अशी अक्कल पायजे राखणीला." त्यानं साखळी उचलली.

पिराजीचं बोलायचं ते बोलून झालं होतं. हात मांडीवर जड ठेवून तो बसला. आतमध्ये काहीतरी ढासळत होतं, कमी ठोकलेल्या साच्यासारखं.

"च्या टाकते," विठाबाई म्हणाली आणि काठी घेऊन उठली. आज तिनं काठ खोचला नव्हता. पाहुणा येणार म्हणून लुगडं नीट नेसली होती. ती स्वयंपाकघराकडं निघाली, काठ फरशीवरून घासत.

वाळ्यानं ढेप सोडली आणि तिच्या मागं गेला. बाळासो साखळीची कडी उघडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. पिराजीचं होतं. वाळ्याचं तोंड काठापाशी गेलं. दात दिसले. विठाबाईला चाहूल लागली असावी, कारण तिनं हात भिंतीला लावला आणि थांबली. वळली नाही.

वाळ्याही थांबला. काठाचा वास घेतला. मग मागचे पाय दुमडून बसला, शेपटीनं फरशी झाडत, तोंड वर करून.

विठाबाईनं भिंतीवरचा हात काढला. कनवटीत खोचलेला भाकरीचा तुकडा काढला आणि मागं न बघता खाली धरला. वाळ्यानं तो हळूच, ओठांनी घेतला. कनवटीत तुकडा ठेवायला ती कधीपासून लागली, हे पिराजीला ठाऊक नव्हतं.

"बाळू," ती पाठमोरीच म्हणाली, "साखळी गाडीत ठेव."

"आगं, फोनवर तर न्हे म्हणत हुतीस."

"आठ दिस दिलते. झालं आठ दिस."

"मग?"

"मग काय मग? ते बसलं. च्यात साखर किती?"

बाळासोनं दाजीकडं बघितलं. दाजी छताकडं बघत होता. त्याला डोळे पुसायचे नव्हते.

पाहुणा गेल्यावर विठाबाई म्हणाली, "कुत्र्याला काम लागलं. आता तुमचं बघा. ती दोरी बिचारी तुटंल एक दिस."

सोमवारी पिराजी उद्यमनगरात माधवरावांच्या दारात उभा राहिला. पावणेआठला. आठची वेळ होती. वाळू हातात घेतली, मूठ दाबली, उघडली. ओल जरा कमी होती. ते त्यानं सांगितलं आणि कामाला लागला. निघताना त्यानं वाळ्याचा निरोप घेतला नव्हता, परत आल्यावर गळाभेटही घेतली नाही. गाजावाजा नको, असं डॉक्टरणीनं सांगितलं होतं. चार तासांत त्याचे दोन साचे झाले. दोन्ही नग चांगले निघाले. घरी आला तर वाळ्या दारात झोपलेला, त्याला ओलांडायला लागू नये म्हणून विठाबाई दुसऱ्या दारानं ये-जा करत होती. आठवणीनं त्याला उठवत नव्हती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. महिन्यातून एखादा दिवस येतो, वहाण मोरीत सापडते. पिराजीही मधेच उठून सायकलची साखळी पुसतो. नियम दोघांना एकच.

पहिल्या आठवड्याची मजुरी शनिवारी हातात पडली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो गंगावेशीत होता. वाळ्या कोपऱ्यावर आला, थांबला, चारी पाय भुईला ठेवून बसला. ज्ञानू करवंटी घेऊन पुढं आला.

"करवंटी ऱ्हाऊ दे," पिराजी म्हणाला. "ग्लास भर. आर्धा. आनि हे घे." त्यानं नोटा पुढं केल्या.

"ह्ये कशाचं?"

"त्याचं. रोज आर्धा ग्लास, म्हैनाभर."

"आरं, मुक्या जनावराचं पैसं घ्याचं व्हय मी? बा काय म्हणंल?"

"घे. तुझा नेम ऱ्हायला. पर हे फुकट न्हाय. त्यानं काम केलंय."

ज्ञानूनं नोटा कमरेला लावल्या, ग्लास धुतला, म्हशीखाली बसला आणि वाळ्याच्या वाटणीची धार काढली.